थोरांच्या नातलगाचे घरातले पत्र : वाचावे कसे, पारखावे कसे, सांभाळावे कसे

कराड तालुक्यातील आमच्या गावच्या घरात, आजीच्या पोथीच्या पानांत, एक पत्र साठ वर्षांहून अधिक काळ घडी घालून ठेवलेले होते. सातारा जिल्ह्यातील एका मोठ्या पुढाऱ्याने ते स्वतःच्या हाताने आजीला लिहिले आहे, असा घरातल्या सर्वांचा समज होता आणि लग्नकार्याला पाहुणे जमले की ते हातोहात फिरवले जाई. मात्र ते मोडी लिपीत असल्यामुळे कोणी वाचलेले नव्हते. आजी गेल्यानंतर ते जाणकाराकडून वाचून घेतले, तेव्हा कळले की पत्र त्या पुढाऱ्याचे नसून त्यांच्या थोरल्या बहिणीचे आहे. पुढाऱ्याचा उल्लेख त्यात एकाच ओळीत येतो : "भाऊ आला होता, रात्रीच गेला, जेवला नाही." घरातले काही जण हिरमुसले. मला मात्र त्या दिवसापासून ते पत्र अधिक मोलाचे वाटू लागले, कारण त्या पुढाऱ्याची भाषणे छापलेली आहेत, चरित्रे लिहिलेली आहेत, पण निवडणुकीच्या धामधुमीत तो बहिणीच्या दारात येऊन उपाशी परत गेला, हे सांगणारा दुसरा कागद माझ्या पाहण्यात नाही.

थोर व्यक्तीच्या नातलगाचे पत्र म्हणजे दुय्यम ऐवज, ही समजूत आधी सोडून द्यावी. सावित्रीबाई फुले यांनी जोतीरावांना लिहिलेली तीन पत्रे १८५६, १८६८ आणि १८७७ या वर्षांतली आहेत. त्यांपैकी १८६८ चे पत्र आपल्याच जिल्ह्यातील नायगावहून, म्हणजे त्यांच्या माहेरगावाहून, लिहिलेले आहे आणि गावकऱ्यांच्या तावडीतून एका जोडप्याचा जीव कसा वाचवला, हे त्यात सांगितले आहे. पत्नीने पतीला लिहिलेली ही घरगुती पत्रे शिल्लक राहिली, म्हणूनच तो प्रसंग आपल्याला ठाऊक झाला. सातारा-सांगलीच्या पट्ट्यात प्रतिसरकारच्या चळवळीत, सत्यशोधक समाजात, रयत शिक्षण संस्थेच्या कामात, रंगभूमीवर किंवा सहकारात नाव झालेल्या माणसांच्या बहिणी, मेहुणे, चुलते, सुना यांची पत्रे अनेक घरांत आजही असतील. अशा घरांसाठी, आम्ही केलेल्या कामाच्या आणि चुकांच्या आधारावर, हा लेख लिहीत आहे. आमच्या पत्रातील घराण्याचे नाव मी येथे देत नाही. त्या घराची प्रसिद्धीसाठी लेखी संमती अजून घ्यायची आहे, आणि ती का घ्यावी लागते हे पुढे येईलच.

कागदाला हात लावण्यापूर्वी

पहिले काम कागदाचे नसून माणसांचे आहे. पत्र आणखी दहा वर्षे डब्यात राहिले तरी बहुधा टिकेल, पण ते घरात कसे आले हे सांगणारी आत्या किंवा चुलती दहा वर्षे थांबेलच असे नाही. म्हणून घरातील सर्वांत वयस्क माणसाकडे आधी जावे, त्याच्या परवानगीने मोबाईलवर बोलणे ध्वनिमुद्रित करावे आणि प्रश्न सोपे ठेवावेत : पत्र प्रथम कोणाच्या हातात पाहिले, ते कोठे ठेवलेले असे, त्याच्यासोबत आणखी काय होते, ते कोणी कोणाला वाचून दाखवले होते, मधल्या काळात ते कोणाच्या घरी होते. "हे अमुक साहेबांचे पत्र ना?" असा प्रश्न कधीही विचारू नये. उत्तर प्रश्नातच दिले की वयस्क माणूस होकार भरतो आणि तो होकार पुढे पुरावा म्हणून मिरवला जातो.

आमच्या आत्याने सांगितलेली हकीकत घरातल्या प्रचलित कथेपेक्षा वेगळी होती. पत्रासोबत एक खण आला होता, तो आजीने शिवून घातला आणि पत्र पोथीत ठेवले, एवढेच तिला आठवत होते. पुढाऱ्याचे नाव त्या आठवणीत नव्हतेच. ते नाव नंतर, माझ्या वडिलांच्या तरुणपणी, चिकटले असावे. ही हकीकत तारखेसह लिहून काढावी, सांगणाऱ्याची सही घ्यावी आणि दोन माणसांच्या सांगण्यात फरक पडत असेल तर दोन्ही स्वतंत्रपणे नोंदवावे, त्यांचा मेळ घालण्याच्या भरीस पडू नये.

पत्र ज्या जागी सापडले ती जागाही नोंदीचाच भाग आहे. पोथीच्या कोणत्या पानांत होते, पाकीट सोबत होते का, शेजारी पावत्या, लग्नपत्रिका किंवा मनीऑर्डरची कुपने होती का, याचे छायाचित्र उचलण्यापूर्वी घ्यावे. जुन्या दफ्तरखान्यांत कागदांचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, जसेच्या तसे ठेवत, कारण कोणता कागद कोणाच्या शेजारी होता यावरूनही अर्थ लागतो. घरातल्या पेटीतली रचना एकदा विस्कटली की ती परत लावता येत नाही.

उघडणे आणि हाताळणे

हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करावेत. सुती हातमोज्यांची गरज नसते. मोज्यांमुळे बोटांना कागदाचा अंदाज येत नाही आणि जीर्ण कड त्यात अडकून फाटते. टेबलावर स्वच्छ पांढरा कागद पसरावा, पंखा बंद करावा, पाण्याचा तांब्या, चहा आणि शाईचे पेन त्या खोलीतच ठेवू नये. टिपणे पेन्सिलीने घ्यावीत, तीही वेगळ्या कागदावर. पत्राच्या मागे "आजीचे पत्र, १९५२" असे लिहून ठेवण्याचा मोह अनेकांना होतो; तसे लिहू नये.

घडी सहज उघडत असेल तरच उघडावी. कागद कडक होऊन घडीवर तडकत असेल तर तेथेच थांबून कागदपत्रांच्या संवर्धनाचे काम करणाऱ्या तज्ज्ञाकडे न्यावे. इस्त्री फिरवणे, वाफ देणे, ओल्या फडक्याने पुसणे यांपैकी काहीही करू नये. त्या काळातील फाउंटन पेनची निळी शाई पाण्याने पसरते. जांभळी उमटणारी कॉपिंग पेन्सिल तर कोरडी असताना साध्या शिशाच्या पेन्सिलीसारखी करडी दिसते आणि पाण्याचा थेंब पडताच गडद जांभळी होऊन अक्षरे बुजवते. हिराकस व हिरड्याची जुनी शाई काळानुसार तपकिरी होते आणि अक्षराच्या जागी कागद कुरतडते. अशा कागदाला तर दमट हवेचाही त्रास होतो. काजळीची शाई त्या मानाने टिकाऊ, पण तीही घासली तर निघते.

आमच्या पत्राच्या मधल्या घडीवर वडिलांनी पूर्वी कधीतरी पारदर्शक चिकटपट्टी लावली होती. हेतू चांगला होता, पण आता ती पट्टी पिवळी पडून सुटली आहे आणि तिचा डिंक कागदात मुरून दोन ओळींवर तेलकट पट्टा उठला आहे. असा डिंक घरी काढायला जाऊ नये; आम्ही पट्टी तशीच ठेवली आहे. फाटलेला भाग तज्ज्ञ लोक पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या स्टार्चची खळ वापरून जोडतात, आणि ती दुरुस्ती पुन्हा सोडवता येते, हा तिचा मोठा गुण आहे. लॅमिनेशनला तो गुण नाही. नातेवाइकांपैकी एकाने घराण्याचे एक जुने पत्र शहरातील दुकानात नेऊन लॅमिनेट करून आणले. उष्णतेने शाई फिकटली आणि आता प्लास्टिक कागदापासून वेगळे होत नाही. मूळ कागद लॅमिनेट करू नये, एवढी एक गोष्ट या लेखातून कोणी घेतली तरी माझे लिहिणे सार्थकी लागेल.

डाग दिसला की तो मळ असेलच असे नाही. आमच्या पत्राच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात बोटाच्या टोकाएवढा पिवळट डाग आहे, त्याच्या मध्यभागी तांबूस कण चिकटलेले आहेत आणि भिंगातून पाहिले तर बोटाच्या रेषाही पुसट दिसतात. ते हळदीकुंकवाचे बोट आहे. शुभ वर्तमानाच्या पत्राच्या कोपऱ्याला हळदीकुंकू लावण्याची रीत होती, तर मृत्यूची बातमी असलेले पत्र वाचून लगेच फाडून टाकत, त्यामुळे तशी पत्रे घरांत फारशी उरत नाहीत. म्हणून डाग, दुमड, सुईने पाडलेली भोके, टाचणीचा गंज, यांपैकी काहीही साफ करण्यापूर्वी त्याची नोंद घ्यावी. फक्त लोखंडी टाचण्या आणि स्टेपल तेवढे अलगद काढावेत, तेही कागद तडकत नसेल तर.

प्रतिमा

मूळ पत्र वारंवार उघडावे लागू नये यासाठी आधी चांगली प्रतिमा करून घ्यावी आणि पुढचे सर्व वाचन तिच्यावर करावे. सपाट स्कॅनर असेल तर ६०० डीपीआयवर, रंगीत, टिफ स्वरूपात दोन्ही बाजू स्कॅन कराव्यात; कोऱ्या दिसणाऱ्या बाजूवरही अनेकदा हिशेब किंवा दाबाचे ठसे असतात. पाकिटाची पुढची व मागची बाजू तितक्याच काळजीने घ्यावी. मोबाईलने काढायचे असेल तर फ्लॅश बंद ठेवून, खिडकीच्या सावलीतील उजेडात, कॅमेरा कागदाला अगदी समांतर धरून काढावे आणि शेजारी मोजपट्टी ठेवावी. पुसट अक्षरांसाठी खोलीत अंधार करून बॅटरीचा झोत एका कडेने तिरपा टाकावा. पेन्सिलीचा दाब सावलीत उठून दिसतो. आमच्या पत्रातील शेवटच्या दोन ओळी अशाच वाचता आल्या. फायलीच्या तीन प्रती ठेवाव्यात, त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक तरी प्रत दुसऱ्या गावी असावी.

वाचन : मोडी आणि मायना

स्वातंत्र्यापूर्वी शिकलेल्या पिढीच्या हातची पत्रे मोडीत असण्याचा बराच संभव असतो, कारण शाळांतून मोडी पूर्णपणे गेली ती स्वातंत्र्यानंतरच. मोडीत आधी शिरोरेघ पूर्ण ओढून घेतात आणि तिच्याखाली हात न उचलता लिहीत जातात. शब्दांत अंतर नसते, विरामचिन्हे नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो आणि ओळ संपली की शब्द कोठेही तुटतो. त्यामुळे छापील तक्ता समोर ठेवून एकेक अक्षर ओळखत बसण्यापेक्षा त्या पत्रातूनच त्या हाताची वर्णमाला तयार करणे अधिक उपयोगाचे ठरते. पत्रातील काही शब्द आपल्याला आधीच ठाऊक असतात : गावाचे नाव, महिन्याचे नाव, मायना, शेवटचे "कळावे" आणि "लोभ असावा". तेवढे शब्द आधी शोधून त्यांतली अक्षरे वेगळ्या कागदावर उतरवावीत. पंधरा-वीस अक्षरे अशी हाती आली की उरलेले पत्र उलगडू लागते. तरीही अंतिम वाचन मोडी जाणकाराकडून तपासून घ्यावे आणि त्याने सांगितलेला शब्द आपल्या अपेक्षेहून वेगळा निघाला तर हट्ट धरू नये.

मायन्याकडे विशेष लक्ष द्यावे, कारण नात्याची बरीच माहिती तेथे असते. "तीर्थरूप" हे सख्ख्या आईवडिलांसाठी आणि "तीर्थस्वरूप" हे त्यांच्यासारख्या इतर वडीलधाऱ्यांसाठी लिहिण्याचा रिवाज होता, "चि." वयाने लहान असलेल्याला, "रा. रा." म्हणजे राजमान्य राजश्री, "सा. न. वि. वि." म्हणजे साष्टांग नमस्कार विनंती विशेष, "अ. उ. आ." म्हणजे अनेक उत्तम आशीर्वाद. स्त्रीच्या नावाआधीचे "सौ." (पती हयात असलेली) किंवा "गं. भा." (विधवा) हे तर तारखेलाही साहाय्य करते. आमच्या पत्रात आजीला "सौ. वहिनी" म्हटले आहे आणि आजोबा १९५८ साली वारले, म्हणजे पत्र त्यापूर्वीचे, हे तारीख वाचण्याआधीच ठरले.

मात्र नातेवाचक शब्दावरून रक्ताचे नाते जोडू नये. "वहिनी" या एका शब्दावरून आमच्या घरात काही काळ असे बोलले जाऊ लागले होते की आमचे आणि त्या पुढाऱ्याचे घराणे एकच. आपल्याकडे गावातल्या प्रत्येक सुनेला कोणीतरी वहिनी म्हणतच असते.

नक्कल करताना ओळीला ओळ ठेवावी आणि मूळ शुद्धलेखन जसेच्या तसे उतरवावे. न लागलेला शब्द चौकटी कंसात प्रश्नचिन्हासह लिहावा, फाटलेल्या जागी टिंबे द्यावीत आणि संक्षेप उलगडून लिहायचे असतील तर तेही चौकटी कंसातच असावेत. अर्थ सुलभ व्हावा म्हणून आजच्या मराठीतली वेगळी प्रत खुशाल तयार करावी, पण ती नकलेच्या जागी वापरू नये.

काळ ठरवणे

या भागावर आम्ही सर्वांत जास्त वेळ घालवला आणि तो सत्कारणी लागला. आमच्या पत्रावर "शके १८७३ पौष शु. ५" अशी मिती आहे. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, हे बहुतेकांना पाठ असते, त्याप्रमाणे आम्हीही १९५१ असे लिहून मोकळे झालो होतो. परंतु शकाचे वर्ष चैत्रात सुरू होते, त्यामुळे पौषाचा बराच भाग आणि माघ-फाल्गुन इंग्रजी नव्या वर्षात पडतात व तेथे ७९ मिळवावे लागतात. शके १८७३ ची पौष शुद्ध पंचमी जानेवारी १९५२ च्या पहिल्या आठवड्यात येते. पाकिटावरील टपालाचा शिक्का भिंगाखाली पाहिला, तर त्यातही ५२ हा आकडा लागला. त्याच महिन्यात स्वतंत्र भारताच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीचे मतदान आपल्याकडे व्हायचे होते. भाऊ रात्रीच का गेला, याचा उलगडा मितीतल्या त्या एका वर्षाच्या फरकाने झाला.

पत्रावर मिती नसेल तर पत्ता बोलतो, आणि आपल्या भागात तर तो फार स्पष्ट बोलतो. १९४८ पर्यंत सांगली, मिरज, जत, फलटण, औंध ही संस्थाने होती, म्हणून पत्त्यात "औंध संस्थान" असेल तर पत्र त्या विलीनीकरणापूर्वीचे किंवा फार तर लगेच नंतरचे. १९४९ साली जुन्या सातारा जिल्ह्याचे दोन भाग झाले आणि "दक्षिण सातारा" हा जिल्हा अस्तित्वात आला. नोव्हेंबर १९६० मध्ये त्याचेच नाव सांगली झाले. आमच्या पाकिटावर पाठवणारीचा पत्ता "ता. खानापूर, जि. दक्षिण सातारा" असा आहे, म्हणजे केवळ त्या तीन शब्दांवरून पत्र अकरा-बारा वर्षांच्या चौकटीत बसले. पत्त्यात पिनकोड असेल तर पत्र १५ ऑगस्ट १९७२ नंतरचे. तिकिटावर आणे असतील तर एप्रिल १९५७ पूर्वीचे छापलेले, "नये पैसे" असतील तर १९५७ ते १९६४ या काळातले. मात्र शिल्लक राहिलेली तिकिटे लोक नंतरही वापरत, हे लक्षात ठेवावे. राजाचे चित्र, तुरुंगाचा शिक्का, युद्धकाळात सेन्सॉरने पाकीट उघडून लावलेली पट्टी, यांवरूनही काळ कळतो.

लेखनाची पद्धत हाही एक दुवा आहे. पत्र बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, असेल आणि त्यात "घरीं", "तेथें", "मुलांनीं" असे अनुस्वार असतील, तर लिहिणाऱ्याचे शिक्षण १९६२ च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीचे असावे. यावरून पत्राची नव्हे, तर लिहिणाऱ्याच्या शाळेची वेळ कळते; जुन्या वळणाची माणसे अखेरपर्यंत अनुस्वार देत राहिली.

लिहिले कोणी, आणि तीच का ती

त्या काळात बायकांची पत्रे अनेकदा दुसऱ्याच्या हातची असत. गुरुजी, शेजारचा शिकलेला मुलगा किंवा पोस्टमन ओसरीवर बसून लिहून देई आणि मजकूर सांगणारी शेजारी बसलेली असे. त्यामुळे हस्ताक्षर जुळवून पाहण्याची पद्धत येथे फसू शकते. आमच्या पत्राचे मुख्य अंग सफाईदार मोडीत आहे, एकसारख्या उतरत्या वळणाचे, सरावलेल्या हाताचे. त्याच्याखाली बोटभर जागा सोडून पेन्सिलीने दोन ओळी बाळबोधीत आहेत, प्रत्येक अक्षर सुटे, शिरोरेघ प्रत्येक अक्षरावर वेगळी ओढलेली : "वहिनी खन पाठवला हाय. शिवून घाला." सांगून लिहवलेल्या पत्राखाली तिने स्वतः घातलेल्या या दोन ओळी आहेत, असे आम्ही मानतो, आणि आत्याच्या आठवणीतल्या खणाशी त्या जुळतात.

ती बाई त्या पुढाऱ्याची सख्खी बहीण होती, हे मात्र पत्रावरून सिद्ध होत नव्हते. लग्नानंतर स्त्रीचे नाव-आडनाव बदलते, म्हणून आधी माहेरचे नाव काढावे. त्यासाठी घराण्याची वंशावळ आणि जुन्या लग्नपत्रिका पाहाव्यात, शिवाय पंढरपूर, नाशिक, त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यांच्या वह्या फार कामाच्या असतात. यात्रेला गेलेल्या माणसाने आपल्या व भाऊबंदांच्या नावांची नोंद तेथे पिढ्यान्‌पिढ्या करून ठेवलेली असते. तलाठी कार्यालयातील किंवा तहसीलच्या अभिलेख कक्षातील जुने फेरफार काढावेत, कारण वारसनोंदीत भावांची नावे एकत्र मिळतात. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापूर्वीच्या वारसनोंदींत मुलगे असताना मुलींची नावे सहसा येत नाहीत, त्यामुळे बहिणीचे नाव फेरफारात नाही यावरून ती बहीण नव्हती असा निष्कर्ष काढू नये. जन्ममृत्यूसाठी गाव नमुना १४, म्हणजे ज्याला कोतवाल बुक म्हणतात ते, आणि जन्मतारखेसाठी शाळेचे जनरल रजिस्टर पाहावे.

आमच्यापुढे आणखी एक पेच होता. पत्रातला "भाऊ" म्हणजे तोच भाऊ कशावरून? फेरफारात दोन मुलग्यांची नावे निघाली. पुढे कोतवाल बुकात थोरल्याच्या मृत्यूची नोंद पत्राच्या कितीतरी आधीची मिळाली, आणि १९५२ मध्ये येऊन जाणारा सख्खा भाऊ एकच उरला. तरीही आमच्या टिपणात आम्ही "हा उल्लेख बहुधा त्यांचाच आहे" असेच लिहिले आहे, कारण चुलतभावालाही भाऊच म्हणतात. जेवढे कागदावर आहे तेवढेच ठामपणे सांगावे, जे नोंदींवरून निघते ते "नोंदींवरून" असे म्हणून सांगावे आणि जे घरातल्या आठवणीतले आहे ते आठवण म्हणून सांगावे.

सांभाळ

पत्र देवघरात ठेवू नये. श्रद्धेने अनेक जण ठेवतात, पण समईची काजळी, तेलाचा अंश, उदाचा धूर आणि कुंकू यांचा थर कागदावर बसत जातो. भिंतीवर चौकटीत लावायची असेल तर चांगली छापील प्रत लावावी. उजेडाने गेलेली शाई परत येत नाही.

मूळ पत्र उलगडून, अॅसिडमुक्त कागदाच्या घडीत ठेवावे आणि ती घडी ताठ पुठ्ठ्याच्या, शक्यतो अॅसिडमुक्त, पेटीत आडवी ठेवावी. वर्तमानपत्राचा कागद, रंगीत कापड, साधी प्लास्टिकची पिशवी आणि फोटोचे चिकट पानांचे अल्बम टाळावेत. कसर लागते ती खळीच्या आणि स्टार्चच्या वासाने, वाळवी येते ती भिंतीतून. म्हणून पेटी बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात किंवा जमिनीलगत ठेवू नये. डांबरगोळ्या कागदाशेजारी घालू नयेत. जुन्या पोथ्यांत वेखंडाचे तुकडे ठेवत. ते ठेवायचेच असतील तर पुरचुंडीत बांधून पेटीबाहेर, कपाटात ठेवावेत.

आपल्याकडचा खरा शत्रू पावसाळा आहे. कागदाला साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते आणि आषाढ-श्रावणात साताऱ्याच्या पश्चिम भागात ती कितीतरी वर जाते. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्या रंग बदलताच सुकवाव्यात किंवा बदलाव्यात. कृष्णाकाठच्या घरांनी तर पत्र वरच्या मजल्यावरच ठेवावे; २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांत सांगली परिसरातील किती घरांच्या पेट्या पाण्यात गेल्या, ते काठावरच्या माणसांना सांगायला नको. पत्र भिजलेच तर घडी उघडू नये आणि उन्हात घालू नये. टीपकागदाच्या दोन पानांत ठेवून पंख्याच्या मंद वाऱ्यावर, वारा थेट अंगावर येणार नाही अशा रीतीने, टीपकागद बदलत वाळवावे. कागद अनेक असतील आणि लगेच वाळवणे शक्य नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून डीप फ्रीजरमध्ये ठेवावेत. दोन दिवसांत धरू लागणारी बुरशी त्यामुळे थांबते आणि तज्ज्ञ गाठायला वेळ मिळतो.

मालकी, प्रसिद्धी आणि दान

कागद आपला असतो, पण मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा आणि त्याच्या वारसांचा असतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार तो हक्क सर्वसाधारणपणे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षारंभापासून ६० वर्षे राहतो. हयातीत अप्रसिद्ध राहिलेले लेखन मृत्यूनंतर प्रथम प्रसिद्ध झाले तर ही ६० वर्षे त्या प्रसिद्धीनंतरच्या वर्षारंभापासून मोजली जातात. म्हणून संपूर्ण पत्र छापण्यापूर्वी किंवा सार्वजनिकपणे लावण्यापूर्वी त्या घराण्याची लेखी संमती घ्यावी. संमती मागायला जाताना रंगीत प्रत आणि नक्कल सोबत न्यावी व ती त्यांच्याकडेच ठेवावी. आम्ही प्रत घेऊन गेलो तेव्हा त्या घरातल्या वृद्ध सूनबाईंनी पेन्सिलीच्या दोन ओळींवर बोट ठेवून, "आत्याबाईंचा आमच्याकडे एवढासुद्धा कागद नाही," असे म्हटले. त्यानंतर त्यांनी संमतीसाठी घरातल्या सर्वांशी बोलते असे सांगितले आहे आणि आम्ही थांबलो आहोत.

१९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्याप्रमाणे ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोलाचा हस्तलिखित कागद ७५ वर्षांचा झाला की तो पुरावस्तूच्या व्याख्येत येऊ शकतो, आणि पुरावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. परदेशी राहणाऱ्या भाच्या-पुतण्यांना म्हणून प्रतिमाच पाठवावी.

सांभाळणे जमणार नसेल तर मूळ पत्र संस्थेकडे द्यावे. १९१० साली स्थापन झालेले पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ, राज्य शासनाची पुणे व कोल्हापूर येथील पुराभिलेखागारे, साताऱ्याचे छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालय, येथे आधी चौकशी करावी आणि असा कागद ते स्वीकारतात का हे विचारूनच न्यावा. देताना ते दान आहे की ठेव, कुटुंबाला प्रत केव्हा मिळेल, अभ्यासकांना ते दाखवले जाईल का, हे कागदावर घ्यावे आणि आपण नोंदवलेली तोंडी हकीकत पत्रासोबतच द्यावी. तिच्याशिवाय ते पत्र म्हणजे एका अनोळखी बाईने दुसऱ्या अनोळखी बाईला पाठवलेल्या खणाची चिठ्ठी होऊन बसेल. घरीच ठेवायचे असेल तर ते कोणाकडे राहील आणि त्याच्यानंतर कोणाकडे जाईल, हे सर्व भावाबहिणींच्या सह्यांनिशी लिहून ठेवावे.

वर्षातून एकदा पेटी उघडून पाहावी लागते. आम्ही त्यासाठी दसरा धरला आहे, कारण पाऊस सरलेला असतो, घर झाडून झालेले असते आणि पाटीपूजनाच्या निमित्ताने सगळे एकत्र असतात. नवी कसर, नवा डाग, सिलिका जेलचा रंग, चिकटपट्टीची कड आणखी सुटली आहे का, एवढे पाहायचे आणि तारीख घालून वहीत लिहायचे. पूजेत पाटीवर छापील प्रत ठेवायची, फूल आणि हळदीकुंकू तिलाच वाहायचे आणि मूळ पत्र, आजीच्या वेळचे बोट कोपऱ्यात तसेच ठेवून, पुन्हा पेटीत आडवे ठेवायचे.